बिनदेवाची बाई

वॉर्डातल्या सिस्टर, आया, लिफ्टवाला, झाडून सगळे तिला 'बिनदेवाची बाई' म्हणत. पाठीमागेच म्हणत असं नाही. तोंडावरही म्हणत, फक्त तेव्हा जरा हसून. तिला कधी राग आला नाही. एक तर ते खरंच होतं. आणि दुसरं म्हणजे त्या हॉस्पिटलात ज्याला टोपणनाव पडलं तोच आपला, बाकीचे पाहुणे. हाडांच्या डॉक्टरांना लोक 'सुतार' म्हणत. त्या मानाने हिचं फारच चांगलं चाललं होतं.

तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून 'सोबत कक्ष' नावाची एक खोली होती. दोन खुर्च्या, एक टेबल आणि कायम गळणारं वॉशबेसिन. तिथे दोन माणसं नोकरीला. एक धर्मगुरू, वयाने सत्तरी गाठलेले, त्यांना सगळे आजोबा म्हणत. ज्या पेशंटला प्रार्थना हवी असेल त्याच्यासाठी ते. दुसरी ही, मानसशास्त्र शिकलेली. ज्यांना देवाचं माणूस नको असतं, पण माणूस तर हवं असतं, त्यांच्यासाठी ही. आणि दोघांना कोट एकच! राखाडी, त्यावर ना कसलं चिन्ह, ना काही लिहिलेलं. मोठ्या साहेबांची कल्पना. म्हणे, पेशंटला आधी माणूस दिसू दे, धर्म मागाहून. निरोप आला की जो मोकळा असेल त्याने जायचं, आपण कोण ते सांगायचं, आणि पेशंटला दुसरं कोणी हवं असेल तर तसं पाठवायचं. ऐकायला किती छान! असल्या छान गोष्टी एक दिवस कोणाच्या तरी जिवावर उठतात, ते साहेबांना कोण सांगणार.

त्या दुपारी फोन आला तो थेट सर्जनचा. एरवी सर्जन स्वतः कधी फोन करत नसत.

"लवकर वर या. पळत या. कोट घालून या."

कोट घालून कशाला, असं तिच्या मनात आलं. पण पळत या म्हटल्यावर माणूस आधी पळतो.

ऑपरेशन थिएटरच्या अलीकडे एक छोटी खोली होती, पेशंटला आत नेण्याआधी ठेवायची. तिच्या दाराशी सर्जन उभे होते, डोक्याला टोपी, हात कोपरापर्यंत उघडे. बाजूला एक चाळिशीचा माणूस, कंपनीचा निळा शर्ट, खिशात स्क्रू-ड्रायव्हर तसाच राहिलेला. फ्रिज दुरुस्त करता करता कोणाच्या तरी घरून उठून आला असणार. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"याची आई आहे आत," सर्जन खालच्या आवाजात भराभर सांगायला लागले. "पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगलीय आणि झिरपायला लागलीय. आत्ता झिरपतेय, मग फुटेल. फुटली की संपलं, मला हातही लावता येणार नाही. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत, सगळं समजतंय, आणि सही करत नाहीत! आधी धर्मगुरू येऊन डोक्यावर हात ठेवून निरोपाची प्रार्थना म्हणणार, मगच मी आत जाईन, म्हणतात."

"आजोबा तर आज मुलीकडे गेलेत. संध्याकाळपर्यंत—"

"माहितीये. त्यांच्या प्रार्थनागृहातही फोन झाला. दुसरे निघालेत, पण दीड तासाशिवाय पोचत नाहीत. दीड तास मी देऊ शकत नाही." सर्जननी तिच्याकडे बघितलं आणि मग भिंतीकडे बघितलं. "मी आत सांगून आलोय, धर्मगुरू येतायत म्हणून."

आता तिच्या डोक्यात प्रकाश पडला. 'कोट घालून या' म्हणजे काय ते कळलं.

"सर, मी कशी काय—"

"तुम्हाला पाठ नाही?"

पाठ होती. आजोबांबरोबर इतकी वर्षं काढल्यावर पाठ नसेल तर काय! मानत नसली तरी कान थोडेच बंद होते.

"हे बघा," सर्जन म्हणाले, "तुम्ही देव मानत नाही, मीही मानत नाही. मग अडचण कुठे आहे? चार ओळी आहेत. तुमच्या दृष्टीने त्यांना अर्थच नाही, तर त्या म्हटल्याने कोणाचा अपमान होणार आहे? समोर एक बाई आहे, ती जगायला हवी. तुमचा तो माणुसकीचा धर्म का काय म्हणता, तो याहून वेगळा काय सांगतो?"

बिनतोड होतं. हाच तर तिचा राग होता, की ते बिनतोड होतं आणि तरी तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

मुलगा हात जोडून पुढे झाला. "ताई, तुमच्या पाया पडतो. आई कोणाचं ऐकत नाही. आयुष्यभर मुख्याध्यापिका होती, अख्खं गाव तिला मोठ्या बाई म्हणतं, घरातसुद्धा आम्ही तिच्यापुढे चूं करत नाही. तिने नाही म्हटलं की नाही. पण धर्मगुरूंचं ऐकेल. दोन मिनिटं, ताई. नंतर मी सांगीन तिला, मीच म्हणायला लावलं म्हणून. शिव्या मी खाईन."

"वाचण्याची शक्यता किती आहे?" तिने सर्जनना विचारलं.

सर्जन एक पाऊल तिच्याजवळ आले. "आत्ता घेतलं तर निम्मे वाचतात. निम्मे टेबलावर जातात. जितका उशीर तितकं अवघड."

"हे त्यांना सांगितलंय?"

"बाई, घाबरलेल्या पेशंटला असं कोणी सांगतं का? मी म्हटलं, काळजी करू नका, रोज करतो आम्ही."

तिने आजोबांना फोन लावला. का लावला ते तिलाही नीट कळलं नाही. कोणीतरी नाही म्हणावं असं वाटत असेल. आजोबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मागे नातवंडांचा दंगा चालला होता.

"म्हण तू," आजोबा म्हणाले.

"आजोबा!"

"अगं म्हण. डोक्यावर हात ठेव आणि म्हण. बाई वाचली पाहिजे. देवाला शब्द कळतात आणि माणूसही कळतं, तो एवढा कोत्या मनाचा नाही. आणि त्यात काही पाप असलंच तर ते माझ्या माथी. मी बघून घेईन, माझं आणि त्याचं."

तिला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं. ज्या एका माणसाकडून नकाराची अपेक्षा होती त्याने हसत हसत होकार दिला होता. "तुमचं बरंय आजोबा," ती म्हणाली. "तुमचं पाप घ्यायला वरती कोणीतरी आहे. माझ्याकडे घेणारं कोणी नाही. मी काही केलं की ते माझ्यापाशीच राहतं."

"मग तुला जे सोसवेल ते कर, पोरी," आजोबा म्हणाले. "पण पटकन कर."

सर्जन दाराशी पाय आपटत होते. ती आत गेली.

खरं सांगायचं तर आत जाताना तिचं ठरलं होतं. म्हणायचं. एका जिवापुढे आपला खरेपणा म्हणजे काय सोनं लागून गेलंय? नंतर रात्रभर स्वतःला शिव्या घालू, पण बाई तर घरी जाईल. मुलाचे ते दोन्ही जोडलेले हात तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते.

पलंगावर एक ठेंगणी, कृश बाई पडलेली होती. केस पांढरे, मागे घट्ट बांधलेले. चेहरा घामाने डबडबलेला, ओठ आवळलेले. कण्हणं नाही, रडणं नाही. पाठीत कळ आली की पलंगाची कड धरायची आणि सोडायची, एवढंच. या मोठ्या बाई खरोखरच मोठ्या होत्या, हे बघताक्षणी कळत होतं. अशा बाईपुढे गृहपाठ न करता उभं राहण्याची कोणाची छाती होणार?

मोठ्या बाईंनी राखाडी कोट बघितला. "आलात?"

"आले," ती म्हणाली. हे खोटं नव्हतं. पण पुढचं काय?

"बाई पाठवली होय? चालेल. आमच्यात आता बायकाही असतात. या. हात ठेवा."

ती जवळ गेली. कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होतं आणि ओलं. समोरच्या माणसाला काय हवंय ते ओळखायला ती शिकली होती, शिकवतही होती. घाबरलेल्या माणसाला ओळखीचे शब्द, ओळखीचा स्पर्श, शांत आवाज. शरीर लगेच सैल पडतं. आताही तसंच झालं. हात टेकवला मात्र, मोठ्या बाईंचे खांदे खाली आले, आवळलेले ओठ सुटले. पुस्तकात लिहिलेलं अक्षर अन् अक्षर खरं होतं, आणि त्यानेच तिला कसंसंच झालं. कुलूप उघडतंय म्हणून लोकाच्या घरात शिरायचं, असलं काहीतरी ते वाटत होतं.

मोठ्या बाईंनी डोळे मिटले आणि प्रार्थनेचा पहिला प्रश्न विचारला. तो पेशंटनेच विचारायचा असतो.

"कोणाच्या नावाने आलीस?"

उत्तर ठरलेलं होतं. 'ज्याने मला पाठवलं त्याच्या नावाने आले.' आजोबांच्या तोंडून ते तिने किती वेळा ऐकलं असेल! झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. आणि आता जीभ टाळूला चिकटली.

मशीन टिक टिक करत होतं. दाराच्या काचेतून मुलाचं तोंड दिसत होतं.

मोठ्या बाईंनी डोळे उघडले. "काय झालं?"

आता मूग गिळून बसण्याची सोय उरली नाही.

"मोठ्या बाई, मी धर्मगुरू नाही," ती म्हणाली. "मी इथे काम करते, कोट तोच असतो. मला प्रार्थना पाठ आहे. पण माझा त्यावर विश्वास नाही. तुमच्या डोक्यावर हात ठेवून मला खोटं बोलता येईना. मला माफ करा."

मोठ्या बाईंनी तिचा हात झटकून टाकला. एवढ्याशा हातात एवढी ताकद कुठून आली कोण जाणे. "विश्वास नाही? आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलास? लाज नाही वाटली? डॉक्टर म्हणाले धर्मगुरू येतायत! म्हणजे तेही खोटंच. आणि माझा मुलगा? त्यालाही माहीत होतं?"

तिची नजर दाराच्या काचेकडे गेली.

"म्हणजे माहीत होतं." कळ आली. त्यांनी पलंगाची कड धरली. कळ गेल्यावर आवाज अगदी बारीक झाला होता. "सगळ्यांनी मिळून ठरवलंत. बाहेर हो."

ती बाहेर आली. तिने काही सांगायची गरजच पडली नाही, काचेतून सगळं दिसलं होतं. मुलगा तिच्या अंगावर धावूनच आला. "तुम्ही काय केलंत हे? एक वाक्य होतं! एक! तुमचं काय जात होतं?"

"वा!" सर्जन म्हणाले. रागाने त्यांचा आवाज थरथरत होता. "तुमचं तत्त्व वाचलं. आता पेशंटचं काय ते बघू."

सिस्टर मान खाली घालून सुईच्या पाकिटांशी चाळा करत होती. तिची नजरसुद्धा वर येईना. आणि ही बिनदेवाची बाई भिंतीला टेकून उभी. आपण चुकलो, हे तिला त्या वेळी इतकं स्वच्छ वाटलं, की आपण बरोबर होतो असं म्हणायला एक शब्दही तिच्याकडे नव्हता. आत एक म्हातारी मरायला टेकली आहे, आणि हिने काय केलं? तर खरं बोलली! मोठी आली खरं बोलणारी!

घरी निघून जावंसं वाटलं. त्याऐवजी ती पुन्हा दार उघडून आत गेली. सर्जन "आता कशाला?" म्हणेपर्यंत दार लागलंही होतं.

या वेळी तिने कोट काढून बाहेरच्या खुर्चीवर टाकला होता.

"परत का आलीस?" मोठ्या बाईंनी डोळे न उघडताच विचारलं.

"मला भीती वाटतेय," ती म्हणाली. "तुम्ही मराल अशी. आणि बाहेर उभं राहवेना."

मोठ्या बाईंनी डोळे उघडले. थेट बघितलं. शाळेत मुलांना बघत असतील तसं. "काय म्हणालीस? पुन्हा म्हण."

"तुम्ही मराल अशी भीती वाटतेय."

आणि मोठ्या बाईंनी खोल श्वास सोडला. "एक तरी बोललं," त्या म्हणाल्या. "सकाळपासून वाट बघतेय मी. डॉक्टर म्हणतात, रोज करतो आम्ही. सिस्टर म्हणते, आजी, उद्या चहा प्यायला उठाल. पोरगा म्हणतो, काही होत नाही तुला. सगळे कसे गोड! यांच्या वेळी असंच झालं. माझ्या नवऱ्याच्या. छोटं ऑपरेशन आहे म्हणाले, हसत हसत आत नेलं. तेही हसत गेले, मला म्हणाले, रात्री जेवायला वाट बघ. आले ते चादरीत. ना त्यांनी मला काही सांगितलं, ना मी त्यांना. तेव्हापासून मी कानाला खडा लावला. मला असं हसत हसत नाही जायचं."

"म्हणून प्रार्थना."

"नाही तर काय! त्या प्रार्थनेला निरोपाची म्हणतात. या अख्ख्या इमारतीत तू मरशील असं तोंडावर सांगणारं तेवढंच आहे. म्हणून मागितलं. देवाचं मी बघून घेईन, त्याची माझी रोजची ओळख आहे." मग एकदम, उत्तरपत्रिका मागावी तसं, "किती शक्यता आहे?"

इथे ती पुन्हा अडली. असल्या वेळी आकडा सांगू नये, असं तिच्या अभ्यासातही होतं. पण या बाईला आता 'बघू या' म्हणणं म्हणजे तिच्या नवऱ्याला नेलं तसंच नेणं झालं असतं.

"निम्मी," ती म्हणाली. "निम्मे वाचतात, निम्मे टेबलावरच जातात. आणि आपण बोलतोय तसतसं ते कमी होतंय. ऑपरेशन केलंच नाही, तर कोणीच वाचत नाही. आज संध्याकाळसुद्धा दिसणार नाही."

"हं." मोठ्या बाईंनी मान हलवली. चेहऱ्यावर भीती होती, पण आता ती उघड होती. डोळ्यांत पाणी भरलं आणि कानशिलाकडे वाहून गेलं, त्यांनी पुसलंही नाही. "भीती वाटतेय गं मला."

"वाटणारच." तिने हात पुढे केला. या वेळी तो झटकला गेला नाही. उलट असा घट्ट धरला गेला की बोटं दुखली.

"पोराला बोलव. आणि त्या डॉक्टरालाही. दोघांसमोर बोल."

दोघं आत आले. ती बोलली, तेच सगळं, पुन्हा एकदा. सर्जनचा चेहरा कसनुसा झाला, पण मोठ्या बाईंनी त्यांना धारेवर धरलं. "डॉक्टर, ही बोलली ते बरोबर आहे?"

"बरोबर आहे, बाई."

"मग मघाशी सांगितलं असतंत तर मघाशीच सही केली असती. एवढी शिकलेली माणसं तुम्ही!" मग मुलाकडे वळल्या. "ये इकडे. बोल."

"आई, काही होणार नाही तुला."

"चूक. पुन्हा बोल."

"आई, असं काय करतेस... डॉक्टर आहेत ना... तू येशील बाहेर..."

"आणि नाही आले तर?"

मुलगा हुंदके द्यायला लागला. चाळिशीचा बाप्या, खिशात स्क्रू-ड्रायव्हर, आणि पहिलीतल्या पोरासारखा रडत होता. सर्जननी घड्याळाकडे बघितलं आणि तोंड उघडलं. मग बिनदेवाच्या बाईकडे बघून मिटलं.

"नाही आले तर?" मोठ्या बाईंनी पुन्हा विचारलं, हळूच.

"नाही आलीस तर..." तो म्हणाला, "नाही आलीस तर मी आहे. घर सांभाळीन. पोरांना तुझं सांगत जाईन. पण ये गं आई."

"आता कसं बोललास." त्यांनी त्याच्या गालावर हात फिरवला. "घरचा फ्रिज दुरुस्त कर. सगळ्या गावाचे करतोस आणि आपला गळतोय." तो रडता रडता हसला. "चांगला झालास रे तू. मी म्हणत नव्हते, पण झालास."

सही केली. सरळ, गोलाकार, शाळेच्या फळ्यावर शोभेल अशी. मग पुन्हा बिनदेवाच्या बाईचा हात शोधला. "तुला पाठ आहे ना? पण तू म्हणू नकोस. मी माझी म्हणते. तू नुसती धरून चाल."

आणि पलंग सरकायला लागला. त्या पुटपुटत होत्या, ती शेजारून चालत होती. थिएटरच्या लाल रेषेपाशी तिला थांबावं लागलं. हात सुटला. दार मिटलं.

पुढचा वेळ कसा गेला ते कोणाला सांगता येणार नाही. मुलगा बाकावर एका टोकाला, ती दुसऱ्या टोकाला. मध्येच त्याच्या बायकोचा फोन आला तेव्हा तो 'अजून आत आहे' एवढंच म्हणाला. तिच्या मनात मात्र सारखं चाललं होतं: वाचू दे, वाचू दे. कोणाला म्हणत होती ती? कोणालाच नाही. तरी म्हणत होती. माणसाला सवय असते, त्याला काय करणार!

सर्जन बाहेर आले ते टोपी हातात घेऊनच. तेव्हाच कळलं.

"आम्ही शर्थ केली," ते म्हणाले. "आत घेतलं तेव्हाच वाहिनी फुटली होती."

मुलगा उठला, पुन्हा बसला. मग एकदम म्हणाला, "उशीर झाला म्हणून? आधी नेलं असतं तर?"

"नाही, नाही," सर्जन लगेच म्हणाले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ते फार थकलेले होते, आणि त्या क्षणी फार चांगले होते. "वेळेचा काही संबंध नाही. तसं अजिबात मनात आणू नका."

मुलाने त्यांच्याकडे बघितलंच नाही. तो तिच्याकडे बघत होता. "तुम्ही सांगा," तो म्हणाला. "तुम्ही मघाशी खोटं बोलला नाहीत. आता सांगा. उशीर झाला म्हणून गेली का ती?"

सर्जन तिच्याकडे बघून मान हलवत होते. नको, नको. आणि तिलाही अगदी आतून, कळवळून नाही म्हणावंसं वाटत होतं. नाही म्हटलं तर हा माणूस आज रात्री झोपेल. नाही म्हटलं तर तीही झोपेल. असल्या शंकेने माणसाचं काय होतं ते तिने रोज बघितलं होतं. वर्षानुवर्षं पोखरते ती. एक शब्द, आणि दोघंही सुटणार होते.

"असू शकेल," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "नक्की कोणालाच सांगता येणार नाही. आधी नेलं असतं तर कदाचित वाचल्या असत्या, कदाचित नसत्याही. पण मी पहिल्यांदा आत गेले आणि खोटं बोलू शकले नाही, तो वेळ माझ्यामुळे गेला. नंतरचा त्यांनी मागून घेतला. पहिला माझ्यावर आहे. तुमच्यावर नाही. तुम्ही तर हात जोडले होते."

सर्जननी डोळे मिटून घेतले.

मुलगा उभा राहिला. दोन पावलं टाकून तिच्यासमोर आला. तो आता हात उचलेल असं तिला वाटलं. उचलला असता तर ती हलली नसती.

"मला तुमचा राग येतोय," तो म्हणाला. "फार राग येतोय. सहन होत नाहीये."

"येऊ दे."

"आयुष्यभर येईल."

"हो."

तो तसाच उभा राहिला. छाती वरखाली होत होती. बराच वेळ. मग पाय दुमडल्यासारखा तिच्या शेजारी बाकावर बसला, आणि तोंड दोन्ही हातांत घालून म्हणाला, "इथून उठू नका. बायको येईपर्यंत उठू नका."

ती उठली नाही.